पायऱ्यांचा दरवाजा

चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप खाली आलं आणि बाबूसिंग मास्तरांच्या बनियनवर सांडलं. त्यांना वाटलं, घोट मोठा झाला असेल. दुसरा घोट त्यांनी बेतानं घेतला, ओठ घट्ट मिटले आणि गाल फुगवायला गेले, तर पाणी पुन्हा त्याच वाटेनं, काही घाई न करता, हनुवटीवरून गळ्याकडे निघालं. दुखत काहीच नव्हतं. त्यांनी बेसिनवरच्या आरशात बघितलं. उजवा गाल नेहमीसारखा होता, सुरकुतलेला, बिनदाढीचा, आपला. डावा गाल मात्र इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता. त्यांनी हसून बघितलं. उजवी बाजू हसली आणि डावी नुसती बघत राहिली, परक्या माणसानं परक्याच्या लग्नात बघावं तशी. तोंडाला साबण लावला तेव्हा डावा डोळा मिटलाच नाही. साबण सरळ बुबुळावर गेला आणि ते चुरचुरत्या डोळ्यानं नळ शोधत राहिले. खाली वाशीमच्या त्या कॉलनीत दूधवाल्याचा भोंगा वाजत होता, शेजारचा कोणीतरी मोटरसायकल सुरू होईना म्हणून तिला लाथा मारत होता. दुसऱ्या कोणाला अशा वेळी डॉक्टर आठवला असता. मास्तरांना एक वाक्य आठवलं. उभ्या नोकरीत वर्गावर्गात पोरांकडून खणखणीत आवाजात म्हणवून घेतलेलं वाक्य: तो मोडक्या बोरूसारखा पडेल आणि त्याच्या तोंडातून पाणी वाहील.

हे वाक्य एरिशुमचं. चार हजार वर्षांपूर्वी तैग्रिस नदीच्या काठी अश्शूर नावाच्या गावात राज्य करणारा एक राजा. पुढे त्या गावाचं मोठं साम्राज्य झालं, रथ आले, पंखवाले बैल आले, जिंकलेल्या लोकांची मुंडकी मोजणं आलं. ते सगळं पाठ्यपुस्तकात होतं आणि मास्तरांना त्याचा कंटाळा होता. एरिशुम पाठ्यपुस्तकात नव्हता. तो त्यांना अकोल्याच्या रद्दीवाल्याकडे मिळालेल्या, कव्हर फाटलेल्या एका हिंदी पुस्तकात सापडला आणि त्यांनी त्याला तांड्यावरच्या शाळेत आणून बसवला. कारण एरिशुमच्या गावचे लोक गाढवांच्या पाठीवर कथील आणि कापड लादून महिना-दीड महिन्याच्या वाटेनं डोंगरापलीकडे नेत आणि विकत. तांडाच तो. मास्तर पोरांना सांगत, तुमचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून नेत होते, ही माणसं गाढवांवर कथील नेत होती, फरक एवढाच. गाढवं म्हटलं की वर्ग हसायचा. मग मास्तर सांगत, हा राजा स्वतःला राजा म्हणवून घेत नसे. म्हणे, राजा आपला देव, मी त्याचा कारभारी. तांड्यावर नायक आणि कारभारी दोन्ही असल्यामुळे पोरांना हे लगेच समजे. त्यानं चांदीवरचा, तांब्यावरचा, लोकरीवरचा, अगदी भुशावरचासुद्धा कर माफ केला. देवाचं मंदिर बांधलं आणि भिंतींच्या गाऱ्यात तूप आणि मध कालवला. हे सांगितलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत रुपाबाईचा पोरगा, नवीन, शाळेची भिंत चाटताना सापडला होता. मास्तरांनी कान धरला तर म्हणाला, "पाहून राह्यलो होतो मास्तर. आपली नुसती चुन्याची हाये."

नवीनला जाऊन आता महिना झाला होता.

निताने, म्हणजे राजपालच्या बायकोने, चहा आणला आणि सासऱ्याच्या जागी असलेल्या या माणसाचं तोंड बघून कप तसाच हातात ठेवून नवऱ्याला हाक मारली. राजपाल धावत वर आला. तो मास्तरांचा पुतण्या. पण भाऊ-भावजय ऊसतोडीच्या एका हंगामात तापानं गेल्यावर मास्तरांनीच त्याला वाढवला. स्वतःला मूलबाळ नव्हतं. आता राजपाल मुकादम होता, दरसाल नवरा-बायकोच्या कितीतरी जोड्या साताऱ्या-सांगलीकडे तोडीला नेत होता, आणि त्यानं वाशीमला हा दोन मजली बंगला बांधून काकांना वरची हवेशीर खोली दिली होती. त्यानं मास्तरांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. दवाखान्यात नेताना त्यानं मास्तरांना लहान पोराला धरावं तसं दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. डॉक्टर तरुण होता. त्यानं भुवई उचलायला लावली, शिट्टी वाजवायला लावली, आणि काळजीचं कारण नाही म्हणाला. चेहऱ्याची नस सुजते, कोणालाही होतं, गोळ्या घ्या, रात्री डोळ्यावर पट्टी बांधा, थंड हवा लागू देऊ नका. महिनाभरात, फार तर दोन-तीन महिन्यांत तोंड जागेवर येईल. जिभेची चव अर्ध्या बाजूनं गेली असेल, तीही येईल. मास्तरांनी मान हलवली. आपण आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं, की शाप लागत नाही, नस सुजते. तरी दवाखान्याच्या त्या स्टुलावर बसून ते विचार करत होते, की नस आजच का सुजावी. आज तांड्यावर सभा होती.

घरी येताना राजपालनं मफलर विकत घेतला. मे महिन्यात मफलर कुठे मिळतो, पण तो तीन दुकानं फिरला आणि शोधून आणला, आणि गाडीतच त्यानं तो मास्तरांच्या कानावरून, गालावरून, तोंडावरून गुंडाळला, हळुवार, दोन वेढे. "आता काही बोलूच नका काका," तो म्हणाला. "मी नायकाले फोन करतो. बिमार माणसाले कोन बोलावते सभेत? सुटले तुमी." सुटले म्हणताना त्याच्या आवाजात जी सुटका होती ती त्याची होती, आणि मास्तरांना लाज याची वाटली की त्यांनाही, मफलरच्या आत, ओल्या लोकरीच्या वासात, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी त्यांनी उजवा डोळा मिटला. डावा उघडाच राहिला आणि त्यातून छताचा पंखा फिरताना दिसत राहिला. पंख्याची पाती फिरता फिरता चाकं झाली. रामनवमीला पोहरादेवीचं दर्शन करून ते परत येत होते. राजपालची नवी काळी जीप. पुढं राजपाल चालवत होता, त्याच्या शेजारी नवीन, मागं मास्तर आणि रामधनची बायको लिलाबाई, मांडीवर प्रसादाचा डबा घेऊन. नवीन त्या हंगामात राजपालच्या टोळीत तोडीला गेला होता आणि चांगल्या कामाचा म्हणून राजपालनं त्याला जीपमध्ये पुढं बसवलं होतं. त्याचाही त्याला अभिमान होता, सारखी काच खाली-वर करत होता. ऊन होतं. मास्तरांचा घसा सुकला होता. "पाणी दे रे," मास्तर म्हणाले. बाटली राजपालच्या दाराच्या खणात होती. राजपालनं एका हातानं ती उचलली आणि मागं द्यायला वळला. हसत वळला. "घ्या काका, गरम झालं असंन," असं काहीतरी म्हणत होता. त्याच्या चेहऱ्यामागं, काचेत, रस्ता डावीकडे वळताना मास्तरांना दिसला, आणि जीप वळली नाही.

नंतरचं सगळं त्यांना चष्म्याच्या एका काचेतून दिसलं. दुसरी फुटली होती. लिलाबाई त्यांच्या अंगावर पडली होती आणि तिचं वजन वाढत चाललं होतं. राजपाल बाहेर उभा होता, कपाळातून रक्त येत होतं. मग तो आत वाकला आणि नवीनला बगलांत हात घालून ओढू लागला. मास्तरांना वाटलं, बाहेर काढतोय. तो बाहेर काढत नव्हता. तो त्याला डावीकडून उजवीकडे, स्टिअरिंगमागं सरकवत होता. नवीनचं डोकं मडक्यासारखं कलंडत होतं, एक पाय गिअरमध्ये अडकत होता आणि राजपाल तो पाय सोडवत होता, फार जपून, जिवंत माणसाला दुखू नये तसा. त्याच्या लायसन्सची मुदत संपली होती. त्याच्यावर इतकी माणसं अवलंबून होती. हे सगळं त्यानं मास्तरांना नंतर सांगितलं, त्यांच्या पायांवर डोकं ठेवून सांगितलं. "मेलेल्याले काय फरक पडते काका? तो त गेला." पण त्याआधीच, दवाखान्यात, पोलिसानं मास्तरांना विचारलं होतं आणि मास्तर म्हणाले होते, माझा डोळा लागला होता. एवढंच म्हणाले. कोणी शिकवलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. ते वाक्य त्यांच्या तोंडात तयारच होतं, जणू कुठल्यातरी जुन्या वर्गात पाठ केलेलं. त्या वाक्यात राजपाल होता, हे खरं. पण त्या वाक्याच्या तळाशी पाण्याची बाटलीही होती, आणि ती मागणारा आवाज.

मेलेल्याला फरक पडला नसेल. रुपाबाईला पडला. तांड्यावर ठरून गेलं की नवीननं हट्टानं गाडी मागून घेतली आणि लिलाबाईला मारलं. रामधननं रुपाबाईच्या घराकडे पाठ फिरवली, आणि रामधनचं बघून सगळ्यांनी. नवीनच्या तेराव्याला केलेलं जेवण गाईंना घातलं. हापशावर बाया तिची घागर भरून होईपर्यंत लांब उभ्या राहू लागल्या. मागच्या आठवड्यात ती वाशीमला आली होती. राजपालच्या बंगल्याला रस्त्यावरून वर यायला पायऱ्या आहेत, काळ्या फरशीच्या, पावसाळ्यात नालीचं पाणी वर येतं म्हणून उंच बांधलेल्या. ती मधल्या पायरीवर बसली. निता आत ये म्हणाली, पाणी घे म्हणाली. ती आलीही नाही आणि तिनं घेतलंही नाही. मास्तर खाली आले तेव्हा ती त्यांच्याकडे न बघता, समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत बोलली.

"माह्या पोरानं गाडी पाडली असंन त पाडली. पण त्याले गाडी येतच नव्हती, मास्तर. सायकल येत होती. तुमी म्हणता झोपलो होतो. असान झोपले. तेच सभेत मिठाचं पाणी पिऊन म्हणा. मंग मी काहीच मागत नाई कोणाले."

मिठाचं पाणी ही त्या तांड्याची रीत. पणज्यांच्या पाठीवरचं मीठ गेलं, बैल गेले, पण ही उरली होती. सभेत साक्ष द्यायची तर नायक पितळी लोट्यात मीठ कालवून देतो. साक्षीदारानं त्याचा तोंडभर घोट घ्यायचा, सगळ्यांकडे एकदा बघायचं आणि मग गिळायचा. हात तोंडाला लावायचा नाही. थेंब सांडला तर साक्ष गेली, आणि त्या गोष्टीबद्दल त्या माणसाला पुन्हा लोटा मिळत नाही. मास्तर हेही पोरांना समजावून सांगत. खोटं बोलणाऱ्याचा घसा आवळतो, तोंडाला कोरड पडते, ठसका लागतो, यात देवाचं काही नाही, आपल्या म्हाताऱ्यांना शरीर कळत होतं एवढंच. आणि मग एरिशुमचा दरवाजा यायचा. अश्शूरमध्ये मंदिराजवळ पायऱ्यांचा दरवाजा होता. तिथं न्याय होई. तिथं सात न्यायाधीश बसलेले असत, माणसं नव्हेत, देव, आणि त्यांची नावं ऐकण्यासारखी. मास्तर शाळेच्या पायऱ्यांवर सात पोरं बसवत. एकाचं नाव 'न्याय', एकाचं 'ऐकलं त्यानं', एकाचं 'चालता हो लबाडा'. नवीनला दर वेळी 'चालता हो लबाडा' व्हायचं असे. मग सगळ्यांनी मिळून शाप म्हणायचा, हात वर करून: जो या दरवाजात खोटं बोलेल, ओसाडीचं भूत त्याचं तोंड धरील, त्याचं डोकं मडक्यासारखं फोडील, तो मोडक्या बोरूसारखा पडेल आणि त्याच्या तोंडातून पाणी वाहील. पोरं पडून दाखवत. तोंडातून पाणी वाहवायला हापशावर पळत.

पुढं आणखी एक ओळ होती. ती मास्तर सहसा गाळत. एकदाच त्यांनी ती वाचली होती: जो खोटी साक्ष द्यायला उभा राहील, त्याच्याविरुद्ध हे न्यायाधीश खोटा निकाल देवोत. तेव्हा सातवीतला नवीन पायरीवरून उठून म्हणाला होता, "पण मास्तर, न्यायाधीशच खोटा निकाल द्याले लागले, त मंग न्याय कोन करन?" मास्तरांनी फळा पुसला आणि म्हणाले, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

खाली राजपालचा फोनवरचा आवाज थांबला, मग गाडी सुरू होऊन गेल्याचा आवाज आला. तो कुठल्याशा कारखान्याच्या माणसाला भेटायला जाणार होता. मास्तर उठले. धोतर नेसले, मफलर तसाच ठेवला. जिन्यात निता भेटली. तिनं विचारलं नाही कुठे निघालात. ती बाजूला झाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, आणि ते दोन पायऱ्या खाली गेल्यावर म्हणाली, "चप्पल उलटी घातली तुमी." त्यांनी चप्पल नीट घातली. त्या बाईला सगळं ठाऊक होतं की काय, हा प्रश्न त्यांना पुढं सगळ्या वाटेत पडत राहिला.

शेलूबाजारला जीप बदलावी लागली. जीपमध्ये कोंबड्या होत्या, खताची पिशवी होती आणि माणसं एकमेकांच्या मांडीवर होती. घाम मफलरमध्ये मुरत होता. शेजारचा एक पांढऱ्या टोपीवाला बराच वेळ बघून म्हणाला, "बावाजी, केदारनाथहून सरळ आले काय?" जीप हसली. मास्तरांनी मफलर खाली केला. टोपीवाल्यानं तोंड बघितलं आणि त्याचं हसणं जिथल्या तिथं थांबलं. त्यानं खिशातून लिमलेटची गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मास्तरांनी ती तोंडात टाकली. उजवीकडे गोड लागत होती. डावीकडे नेली की नुसता खडा. ते ती गोळी इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहिले. अर्धं तोंड खरं सांगतंय आणि अर्धं गप्प बसलंय. बोलायचं की नाही हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. आपण जातोय एवढंच ठरलं होतं. वाटेत ते शब्द जुळवून बघू लागले आणि त्यांच्या लक्षात आलं, की ओठ लागणारी अक्षरं नीट येत नाहीत. प फसकन निसटतो. ब आणि म लिबलिबीत होतात. पाणी म्हणता येत नाही, मी म्हणता येत नाही, बाबूसिंग म्हणता येत नाही. राजपाल म्हणतानाही मधे हवा जाते. नवीन मात्र बरं येतं. जीपच्या खडखडाटात ते हळूच ते नाव म्हणून बघत राहिले. नवीन. नवीन. टोपीवाल्याला वाटलं, जप चाललाय.

तांड्यावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मंदिरावरचं पांढरं निशाण वाऱ्याअभावी काठीला चिकटून होतं. लिंबाखाली माणसं जमली होती, बाया एका कडेला, आणि त्या बायांपासून हातभर सुटी अशी रुपाबाई. सेवादास नायक ओट्यावर बसला होता. तो आणि मास्तर एका पाटीवर शिकलेले. सेवादासनं चौथीत शाळा सोडली, मास्तरांनी सोडलीच नाही. त्यांना बघून तो उठला. फोन आला होता म्हणाला, येत नाई म्हणून. मग त्यानं तोंड निरखून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोणाले वाकुल्या दाखवून राह्यला, मास्तर? या वयात?" लोक हसले. मास्तरांनाही हसू आलं, उजवीकडून. त्या हसण्यात इतकी ओळख होती, इतकी जुनी सावली होती, की त्यांना वाटलं, इथंच बसावं, चहा घ्यावा, आणि डोळा लागला होता म्हणून घरी जावं. तेवढ्यात रुपाबाईनं वर बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. परीक्षेच्या दिवशी पोरं फळ्याकडे बघतात तशी ती त्यांच्याकडे बघत होती. आणि त्यांचं ठरलं. इतक्या सहज ठरलं, की महिनाभर काय अडलं होतं तेच त्यांना कळेना.

नायकानं लोट्यात मीठ टाकलं, बोटानं कालवलं. लोटा हातात घेताना मास्तरांच्या मनात भीती नव्हती. घसा मोकळा होता. तोंड ओलं होतं. खरं बोलायला निघालेल्या माणसाचा घसा कसा असतो, हे ते आता पोरांना सांगू शकले असते. त्यांनी लोटा उचलला, मान मागे टाकली, तोंडभर घोट घेतला, ओठ मिटले आणि मान सरळ करून सगळ्यांकडे बघितलं.

पाणी डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलं. घाई न करता आलं. हनुवटीवर थांबलं, मग सदऱ्यावर, मग ओट्याच्या दगडावर थेंब थेंब. त्यांनी हात वर नेला आणि वाटेतच थांबवला. मान उजवीकडे कलती केली. उरलेलं गिळलं. पण तोवर बायांतून कोणीतरी 'हाय रे' म्हणालं होतं आणि रामधन उभा राहिला होता.

मास्तर बोलले. नायकाची वाट न बघता बोलले. मी जागा होतो. गाडी राजपाल चालवत होता. नवीन शेजारी बसला होता. मीच पाणी मागितलं, तो मागं वळला. मेल्यावर त्यानं नवीनला सरकवलं, मी बघितलं. एक एक वाक्य तोंडातून अर्धवट, फसफसत, लाळेसकट बाहेर येत होतं. जीपमध्ये जुळवलेले शब्द ओठांवर येऊन सांडत होते. काही पोरं हसली आणि आयांनी त्यांना गप्प केलं. ऐकू सगळ्यांना गेलं. कळलंही असावं. ही नस आहे, ते म्हणाले, डॉक्टरनं सांगितलंय, नस सुजलीय, पाणी त्यामुळं सांडलं. हे म्हणताना त्यांचा आवाज चढला आणि त्यांना स्वतःलाच तो सबब सांगणाऱ्या पोराचा आवाज वाटला.

"तोंड सरळ होतं तवा म्हणे झोपलो होतो," रामधन म्हणाला. तो ओरडला नाही. त्याला खरंच विचारायचं होतं. "आता वाकडं झालं त जागा होतो म्हणते. आमी कोणतं तोंड धरावं?"

कोणीतरी पुतण्याशी बिनसलं असेल म्हणालं. कोणीतरी म्हणालं, घरातून काढलं असंल, एकटेच आले ना जीपनं. सेवादास बराच वेळ दगडावरच्या ओल्या डागांकडे बघत होता. उन्हानं तापलेल्या दगडावर ते वाळत चालले होते आणि मिठाची पांढरी कड उरत होती. शेवटी त्यानं लोटा उचलला आणि उरलेलं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं.

"तुमीच शिकवलं आमच्या पोराईले," तो म्हणाला, "का खोट्याच्या तोंडात पाणी टिकत नाई म्हणून. आता मी काय करू, मास्तर?"

निकाल झाला. नवीनच्या नावावर लिलाबाईचं मरण कायमचं लागलं. यापुढं त्याबद्दल सभा बसणार नव्हती, कोणाला लोटा मिळणार नव्हता. रुपाबाईनं स्वतःच मागितलेली साक्ष होती ती. लोक उठले. रुपाबाई ओट्याजवळ आली. मास्तरांना वाटलं, ती थुंकेल. तिनं ओढणीचं टोक हातात घेतलं आणि त्यांची हनुवटी पुसली, तिथं पाणी अजून ओघळत होतं, नवीन लहान असताना पुसली असेल तशी, जरा जोरात.

"त्या दिवशी सांगतलं असतं," ती म्हणाली, "त एक थेंब सांडला नसता."

आणि ती चालायला लागली. वाटेत बायांनी तिला जागा करून दिली. ती जागा फार मोठी होती.

राजपाल केव्हा आला ते त्यांना कळलं नाही. तो लिंबाच्या बाहेर, जीपला टेकून उभा होता; ही दुसरी, भाड्यानं आणलेली. त्यानं किती ऐकलं होतं कोण जाणे. त्याचे डोळे लाल होते. तो आला, मफलर खाली पडला होता तो उचलून झटकला आणि मास्तरांच्या गळ्यात घातला. "चला काका," म्हणाला. रागावला असता तर मास्तर त्याच्याबरोबर गेले नसते. पण त्यानं दार उघडलं, दंडाला धरलं आणि त्यांना पुढं बसवलं, त्याच्या शेजारी, नवीनच्या जागी. स्वतः वळसा घालून आला आणि निघाला.

संधिप्रकाश होता. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं मागं जात होती. मास्तरांच्या जिभेवर, उजव्या अर्ध्या भागावर, मीठ होतं. पायरीवरून उठलेला पोरगा त्यांच्यासमोर उभा होता, चड्डीच्या खिशात हात घालून, उत्तराची वाट बघत. त्याला सांगायला त्यांच्याकडे आता उत्तर होतं. न्यायाधीश खोटे नव्हते. सेवादास खोटा नव्हता, रामधन खोटा नव्हता, लोटा आणि मीठही नाही. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं होतं. खोटी साक्ष आधीच त्या दारात जाऊन बसली होती, आणि मागून आलेल्या खऱ्याला आत जायला जागा उरली नव्हती. शापातली ती ओळ म्हणजे एवढंच. वर्गात सांगितली असती तर सातवीच्या पोरालाही समजली असती. पोरगा ऐकून घेऊन पुन्हा पायरीवर बसेल असं त्यांना वाटलं. तो बसला नाही.

वळण जवळ येत होतं. तेच वळण, रस्त्याकडेला काचेचे तुकडे अजून चमकत होते. मास्तरांना ठसका लागला. राजपालनं त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या बघण्यात काळजी होती, नुसती काळजी, त्या दिवशी होती तशीच.

"पाणी देऊ का?" तो म्हणाला आणि एक हात सोडून दाराच्या खणात बाटली चाचपू लागला.

समोर बघ म्हणायचं होतं त्यांना. त्यांनी ओठ जुळवले, सगळं बळ लावून जुळवले, आणि म कुठेतरी डावीकडून निसटला, ब फसकन फुटला, नुसती हवा आणि लाळ बाहेर आली.

"काय म्हणता काका?" राजपाल म्हणाला, आणि नीट ऐकू यावं म्हणून त्यानं तोंड पूर्ण त्यांच्याकडे वळवलं.